बँडची वाटणी

भूम,
१८ नोव्हेंबर २०२५

चि. वर्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडं सगळं खुशाल. तू खुशाल असशीलच, दुसऱ्याचं बळकावून बसलेली माणसं खुशालच असतात.

फोनवर मी तुला ब्लॉक केलंय हे एव्हाना कळलं असेल. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही आणि चार शब्द सुनावल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, म्हणून हे पत्र. तुझी वहिनी म्हणते, एवढाच राग आहे तर फोन करून भांडा. पण फोनवर तू हसतेस. कागदावर हसलीस तर निदान मला ऐकू येत नाही.

आता मुद्द्याचं. रविवारी तू टाकलेला फोटो बघितला. अंगात तानाह रेताकचा काळा टी-शर्ट, हातात मोबाईल, मोबाईलवर त्यांच्या गायिकेचं, रत्नाबाईंचं उत्तर, आणि खाली लिहिलंय, 'माझा बँड, माझी रत्ना'. वर्षे, तुझा कधी झाला गं तो बँड? तुला विसर पडला असेल तर उजळणी करून देतो. दुष्काळाच्या साली मी आयटीआयला होतो. मोबाईलवर भेगाळलेल्या जमिनीचा एक फोटो दिसला. मला वाटलं, आपल्या माकणीच्या धरणाचा तळ दाखवतायत, बातमी असेल. दाबलं तर आतून एक बाई अशी ओरडली की वाटलं हिला विंचू चावला. एका मिनिटात गाणं संपलंसुद्धा. मी होस्टेलच्या जिन्यावर बसून तेच तेच ऐकत राहिलो. मागाहून कळलं की हे लोक इंडोनेशियाचे, आणि बँडच्या नावाचा अर्थच भेगा पडलेली जमीन. भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण पोटातलं सगळं कळत होतं. आपण आटलेल्या धरणातून मेंढरं हाकत होतो, आणि कुठली कोण बाई आपल्या वाटचं ओरडत होती.

त्या दिवाळीला माकणीला आलो तेव्हा इअरफोनचं एक टोक मी तुझ्या कानात घातलं. मी घातलं. तू चौदा वर्षांची होतीस आणि पहिल्यांदा ऐकून म्हणाली होतीस की हिचा घसा बसत कसा नाही. त्या बाईला मी नऊ वर्षं ईमेल लिहितोय. डिक्शनरी उघडून, शब्द शब्द जुळवून, दोन-दोन पानं. एका ओळीचं उत्तर नाही. आणि तू परवा-परवा काहीतरी लिहिलंस आणि तिसऱ्या दिवशी तिचं उत्तर, वर लाल बदाम. मला जळतंय, वर्षे. आडून कशाला बोलू, सरळ लिहितो, जळतंय.

आजोबांच्या मागं तुझ्या-माझ्या वडलांनी मेंढरांची वाटणी केली तेव्हा कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. तशीच बँडची करून टाकू. इंग्लंडचे 'सॉरी नेबर्स' तू घे, त्यांचं एकही गाणं चाळीस सेकंदांच्या पुढं जात नाही, तुझ्या स्वभावाला बरं आहे. ब्राझीलचे 'पोएरा' घे, ढोल चांगला वाजवतात. शिलाँगची 'रेड कल्व्हर्ट'ची पोरंही तुला दिली, आपल्या देशातली म्हणून. तानाह रेताक माझ्याकडं राहील. फोटोखालचं 'माझा' तेवढं काढून टाक.

बाकी लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची गरज नाही.

तुझा दादा,
धनाजी


पुणे,
२७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतकी हसले की लॅबमधली पोरगी रक्ताच्या बाटल्या टाकून बघायला आली. तुला ऐकू आलं नाही ते बरंच झालं.

वाटणी मला मंजूर नाही. मेंढरं मोजून वाटता येतात रे, ओरडणं कसं वाटणार? आणि मोठा मालक म्हणवतोस तर एक सांग, तू तो बँड ठेवलायस कुठं? सबस्टेशनवर ड्युटीला बसतोस तेव्हा एका कानात तानाह रेताक असतं. साहेबांनी विचारलं काय ऐकतोस, तर सांगतोस भजन. वहिनीनंच सांगितलंय मला. नऊ वर्षं तू रत्नाला भजन म्हणून लपवलंस. मी कामावर, बसमध्ये, मेसमध्ये, भेटेल त्याला ऐकवलं. निम्म्यांनी कान झाकले, पण चौघं तरी माझ्यासारखे वेडे झाले. मग बँड जास्त कुणाचा?

आणि उत्तराचं म्हणशील, तर तुझे काही ईमेल तूच मला दाखवायचास. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत कौतुक. मी कौतुक केलंच नाही. आमचं एक गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, ऐक. तिनं ऐकलं.

हो, आमचं गाणं. तुला सांगायचंच होतं, पण तू ब्लॉक करून बसलास. आम्ही चौघांनी बँड काढलाय. शिवांजली नावाची सोलापूरकडची नर्स आहे, ती ओरडते. दोन पोरं गिटारवर, आणि ड्रमवर मी. बाबांचा ढोल चोरून बडवायचे म्हणून लहानपणी मार खाल्ला होता, तो आता वसूल होतोय. बँडचं नाव 'लोकर'. तुला आवडेल असं वाटतं, आणि आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून आणखी जळशील असंही वाटतं.

आता मोठी बातमी, खाली बसून वाच. तानाह रेताक भारतात येतोय. रविवारी, १८ जानेवारीला पुण्यात, भोसरीच्या एका रिकाम्या शेडमध्ये. दीडशे माणसंही मावणार नाहीत. आणि त्यांच्या आधी वाजवायला रत्नानं आम्हाला बोलावलंय. दादा, मला रात्री झोप लागत नाही. तू यायचंस, आणि पुढं उभं राहायचंस. मागं भिंतीला टेकून उभा राहिलास तर टिपरू फेकून मारीन.

आईला अजून बोलले नाही. बाबा आणि तुझे अण्णा मेंढरं घेऊन भीमाकाठी गेलेत, ती एकटी घर धरून बसलीय, फोनवर सांगून तिच्या डोक्याला घोर नको. योग्य वेळ बघून मीच सांगेन. तोवर तुझं तोंड बंद ठेव.

लोभ पुरे म्हणालास, तरी मी वाढवणारच.

तुझी,
वर्षा


भूम,
५ डिसेंबर २०२५

ती. सौ. काकूस,
धनाजीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडं आम्ही सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? पाल्याच्या लेपानं उतार पडला नसेल तर भूमला या, इथं नवीन डॉक्टर आलाय, हात चांगला आहे म्हणतात.

चिठ्ठी लिहायचं कारण असं की फोनवर हे बोलता येईना. तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ओट्यावर निम्मी आळी बसलेली असते. गोष्ट घरातली आहे. वर्षाराणीनं पुण्यात काही पोरापोरींबरोबर बँड काढलाय. ती ड्रम वाजवते, म्हणजे ढोलच, पण बसून आणि पायांनीसुद्धा. आता रविवारी, १८ जानेवारीला भोसरीच्या एका शेडमध्ये यांचा कार्यक्रम आहे. असल्या कार्यक्रमात लोक एकमेकांच्या अंगावर उड्या घेतात, अंधारात गोल गोल पळतात, कुणाचं नाक फुटतं. मी हे व्हिडिओत डोळ्यांनी बघितलंय. पोरगी वयात आलेली, परक्या शहरात, रात्रीची वेळ. मला भाऊ म्हणून काळजी वाटते.

मी सांगून ती ऐकणार नाही. तुम्ही आई आहात, तुम्ही म्हणाल तर थांबेल. मी कळवलं असं मात्र तिच्या कानावर जाऊ देऊ नका, आणि ही चिठ्ठी कुणाला दाखवू नका.

तब्येतीला जपा. तुमची माया आहे तशी राहू द्या, एवढंच मागणं.

आपला,
धनाजी


माकणी,
१४ डिसेंबर २०२५

चि. धनाजीस सिताबाईचा आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पोचली. पोस्टमन दारात आला तशी समदी आळी गोळा झाली, की काय बरंवाईट झालं का काय. म्या ओट्यावर बसूनच मोठ्यानं वाचली. तुला तर ठावं हाय, आपल्या घरात चिठ्ठी कदी एकाची नसती. तुझा आजा मेंढरामागून चिठ्ठी धाडायचा ती बी चावडीवर वाचली जायची, म्हंजी कुणाचं कोण कुठं हाय ते समद्यांना कळायचं. तू लिवलं होतंस की कुणाला दाखवू नका, पर ते शेवटाला लिवलंस. तवर समद्यांनी ऐकलं होतं. अशी गोष्ट आधी लिवावी.

गुडघा हाय तसाच हाय.

म्या लई इचार केला. पोरीला मनाई करून उपेग न्हाय, ती बापासारखी हाय, मान हालवती आन् करायचं तेच करती. बेंबळीच्या पावण्यांचा निरोप दोन महिने झाले पडून होता. पोरगा तलाठी हाय, घरची चाळीस मेंढरं आन् विहीर. त्यांना कळवलं की अठरा तारखेला ऐतवारी पोरगी बघाया या. तू लिवलेलीच तारीख धरली. म्हंजी पोरगी इथंच ऱ्हाईल आन् तिकडचं आपोआप बारगळंल.

तुझे काका आन् अण्णा भीमाकाठी हायेत, त्यांचं येणं होत न्हाय. घरात जाणता बाप्या तूच. पावण्यांसमोर तू बसायचंस, इचारपूस करायचीस. शर्ट इस्त्रीचा घाल. सूनबाईला संगं आण.

तुझी चिठ्ठी म्या पोरीला धाडून दिली. तिला बी कळू दे, भाऊ किती काळजी करतो.

लेकरा, अशीच नजर बहिणीवर ठेव, आन् आमच्यावर बी.

तुझी काकू,
सिताबाई


पुणे,
१९ डिसेंबर २०२५

दादास,
नमस्कार. बाकीची अक्षरं लिहायला हात होत नाही.

तुझं पत्र आईनं पाठवलं. तुला भाऊ म्हणून काळजी वाटते, हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. नाक फुटतं म्हणे. त्याच व्हिडिओत कुणी खाली पडला की चार हात त्याला उचलतात, हे मला दाखवून दाखवून शिकवलंस तू. तेवढंच लिहायचं विसरलास.

काळजी नव्हती ती. तुला नऊ वर्षांत जे मिळालं नाही ते मला मिळतंय, एवढंच तुला सहन झालं नाही. माझ्याशी भांडला असतास तर मला चाललं असतं. तू आईला पुढं केलंस. बाबा रानात, आई एकटी, तिनं पाहुण्यांना शब्द दिलाय. तिला तोंडावर पाडून मी इकडं ड्रम वाजवत बसेन असं तुला वाटतं का? तुला ठाऊक आहे मी नाही बसणार. ठाऊक होतं म्हणूनच तू तिला लिहिलंस.

शिवांजली विचारतेय, दुसरी ड्रमवाली बघू का. मी अजून हो म्हटलेलं नाही. महिनाअखेरीपर्यंत म्हणावं लागेल.

बँड तुला हवा होता ना, घे. सगळाच घे. अठराला मी माकणीला पोह्यांचं ताट घेऊन बाहेर येईन तेव्हा तू पाहुण्यांच्या ओळीत बसलेला असशील. त्या वेळी माझ्याकडं बघायची छाती असली तर बघ.

लोभाचं या वेळी काही लिहीत नाही.

वर्षा


भूम,
२२ डिसेंबर २०२५

ती. सौ. काकूस,
धनाजीचा दंडवत.

ही चिठ्ठी ओट्यावर वाचलीत तरी चालेल. किंबहुना वाचाच.

मागच्या चिठ्ठीतली एकही गोष्ट खोटी नव्हती. लोक उड्या मारतात, पळतात, एखाद्याचं नाक फुटतंही. खोटं होतं ते लिहिण्याचं कारण. मला काळजी नव्हती, काकू. माझा जळफळाट होत होता. तुम्हाला हे खुळ्यासारखं वाटेल. परदेशातला एक बँड आहे, त्यात तुमच्याच वयाची एक बाई गाते. गाते म्हणजे ओरडते. मी नऊ वर्षं तिच्या नादाला लागलोय. आयटीआय झालं, नोकरी लागली, लग्न झालं, पोरगं झालं, सगळ्यात ती माझ्या कानात होती. बदली नाकारली गेली तेव्हा ती होती. आईला दवाखान्यात ठेवलं होतं आणि मी बाहेर बाकड्यावर बसायचो तेव्हाही होती. कुणाला सांगता येत नव्हतं, कारण भूममध्ये हे ऐकणारा मी एकटा. सांगितलं ते एका वर्षाला. आणि ती माझ्या पुढं निघून गेली. ती बाई आता वर्षाला ओळखते आणि मला ओळखत नाही. हे माझ्या घशाखाली उतरलं नाही, म्हणून तुमच्या आडून मी तिच्या पायात पाय घातला.

तेव्हा ऐका. मी अठराला माकणीला येणार नाही. घरात दुसरा जाणता बाप्या नाही, आणि भावाबापाशिवाय पाहुण्यांसमोर बैठक मांडत नाहीत हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. पाहुण्यांना सांगा की भाऊ मोकळा नाही, दोष माझ्या माथी मारा. बघणं पुढच्या महिन्यात धरा, मी इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेपासून हजर राहतो. अठराला मी पुण्याला जाणार, वर्षाचं वाजवणं ऐकायला. तिला तिथं बसलेली बघून आणखी जळेल, हे मला आत्ताच दिसतंय. तरी जाणार.

तिला मी वेगळं पत्र लिहीत नाही. कुठल्या तोंडानं लिहू?

रागवा, पण माया पातळ करू नका.

आपला अपराधी,
धनाजी


माकणी,
२८ डिसेंबर २०२५

चि. धनाजीस आशीर्वाद.

चिठ्ठी पोचली. या बारीला ओट्यावर न्हाय वाचली, चुलीपाशी एकटीनं वाचली. मग पोरीला धाडून दिली. आन् शेजारच्या पोराकडून तिला फोन बी लावला, की ढोलाला दुसरी पोरगी बघू नको म्हणावं. ती रडाया लागली, म्या फोन ठिवला.

तू जळतंय म्हणून लिवलंस. आता माझं बी ऐक, म्या कुणाला बोलले न्हाय आजवर. धरण आटलं होतं त्या सालापासनं म्या बघती. तुमी दोघं मेंढरामागं जायचा, कानात दोरी, एक टोक तुझ्याकडं, एक माझ्या पोरीकडं. दोघं बी मान हालवायचा, एकमेकाकडं बघून हसायचा. म्या उन्हातान्हाची भाकर घेऊन यायची, तर दोरी काढून खिशात कोंबायचा. काय ऐकता रं, म्हणलं की म्हणायचा काय न्हाय. नऊ वर्षं झाली, म्या ते काय न्हाय ऐकती. पुण्याला गेल्यावर बी तसंच. मला फोन करती तवा जेवलीस का, औषध घेतलंस का. तुला करती तवा घंटाघंटा. पोरगी म्या जन्माला घातली आन् तिच्या पोटातलं समदं तुला ठावं. तुला एका बाईचं वाईट वाटलं, जिला तू कदी बघितलं बी न्हाय. माझं तर लेकरू हाय.

म्हणून खरं सांगती. तुझी चिठ्ठी वाचून मला कसली काळजी वाटली न्हाय. माझ्या पोरीला कोण धक्का मारंल, तीच चौघांना आडवं करंल. मला राग आला तो याचा, की पोरगी ढोल वाजवती हे तुला ठावं, तिथल्या परक्या पोरांना ठावं, आन् आईला चिठ्ठीतनं कळतं. त्या रागात म्या पावण्यांना सांगावा धाडला. तुझ्याच वळणाची निघाले म्हणायची मी.

पावण्यांना कळवलं, फेब्रुवारीत या. ते काय रुसले न्हाईत, त्यांची बी मेंढरं व्याली हायेत.

आता तू असं कर. सतराला शनवारी माकणीला ये आन् मला पुण्याला घेऊन चल. गुडघा दुखला तर दुखला. नऊ वर्षं तुमी काय ऐकता ते मला या कानांनी ऐकायचंय. कापूस बी आणू नको कानात घालाया.

माया पातळ व्हाया ते काय ताक हाय?

तुझी काकू,
सिताबाई


पुणे,
२५ जानेवारी २०२६

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि. या वेळी सगळी अक्षरं लिहिलीत, मोजून घे.

आई अजून माझ्याकडंच आहे, गुडघा सुजलाय म्हणून मीच थांबवलंय. रूमवरच्या पोरींना तिनं तीन दिवसांत वळण लावलं. रोज संध्याकाळी शिवांजली येते आणि दोघी मला सोडून गप्पा मारतात.

त्या दिवशी तू लगेच रातराणीनं निघून गेलास, ड्युटी होती म्हणून. म्हणून काही गोष्टी राहिल्या. आम्ही वाजवत होतो तेव्हा समोरचं तुला दिसलं का माहीत नाही, तू आईची पिशवी छातीशी धरून डोळे मिटून उभा होतास. आई पार पुढं गेली होती. लोक पळायला लागले तशी पाच-सहा पोरांनी एकमेकांचे हात धरले आणि मेंढरांभोवती वाघरीचं जाळं लावावं तसे तिच्याभोवती उभे राहिले. 'गप बस' सुरू झालं. ते गाणं मी लिहिलंय, त्यात दुसरं काही नाही, पोरींना जे जे सांगतात तेच आहे. पाय मिटून बस, खिदळू नको, ढोल खाली ठेव. शिवांजली ओरडत होती आणि आईचं तोंड बघून माझा ठेका चुकायला आला. शेजारच्या पोरानं मला नंतर सांगितलं की आजी त्याला ओरडून ओरडून सांगत होत्या, हे सगळे शब्द माझे आहेत, आणि पोरीनं मला न विचारता घेतलेत. आठवडा झाला, रोज एकदा तरी विचारते की तिचं नाव कुठं लिहिणार.

बेंबळीचे लोक फेब्रुवारीत येतायत. मी पोहे घेऊन येईन, पण बसल्या बसल्या पहिलं वाक्य ड्रमचं असेल, ते आईनंच सांगायचं ठरवलंय. तू नुसता मान हलव.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दोन दिवस कागद घेऊन उठतेय.

कार्यक्रम संपल्यावर शेडच्या मागं रत्ना भेटली. तू तेव्हा आईला बसायला खुर्ची शोधत होतास. रत्नानं माझ्या पाठीवर हात ठेवला, वाजवणं आवडलं म्हणाली, आणि मग तिच्या तोडक्या इंग्रजीत विचारलं की भूम नावाचं गाव इथून किती लांब आहे. तिथला धनाजी नावाचा माणूस तिला नऊ वर्षं लिहितो. तिला इंग्रजी धड वाचता येत नाही, तर गिटारवाला तिला वाचून दाखवतो, गाडीत, सगळे ऐकतात. त्याची आई गेली ते त्यांना माहीत आहे, पोरगं झालं तेही. उत्तर द्यायचं म्हणून ती कितीदा बसली, पण एवढ्या मोठ्या पत्राला एका ओळीचं उत्तर कसं द्यायचं, म्हणून लाजून राहून गेलं. माझी एकच ओळ होती, तिला एका ओळीत उत्तर देता आलं. तिनं विचारलं, मी त्या माणसाला ओळखते का.

मी नाही म्हणाले, दादा.

तू दहा हातांवर होतास, हातात खुर्ची. मला फक्त बोट करायचं होतं. पण त्या रात्री ती पहिल्यांदा माझी होती, आणि मला कळलं की नाव घेतलं की ती तुझी होणार. ती आधीपासून तुझीच होती, मला काय माहीत.

मग तू आलास. आईला बसवलंस. रत्नासमोर उभा राहिलास आणि तुझं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आता हा सगळं सांगणार आणि मी खोटी पडणार. तू माझ्याकडं हात केलास, इंग्रजीत म्हणालास की ही ड्रमवाली माझी बहीण आहे, आणि बाजूला झालास. स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाहीस. तिनं तुझा हात हातात घेतला तो माझा भाऊ म्हणून. एवढ्यावर तू खूश होऊन एसटी गाठलीस.

आज सकाळी मी तिला सगळं लिहिलं. मी खोटं बोलले तेही लिहिलं, आणि तुझा भूमचा पत्ता दिला. ते आता बंगळूरला आहेत. तिथून ती लिहील. या वेळी लिहीलच, मला खात्री आहे.

तिचं पत्र आलं की मला लगेच कळवू नकोस. चार दिवस तरी नको. आता माझी पाळी आहे, मला जळू दे.

तुझी,
वर्षा